तीन हातांचा पाहुणा

"हात धुतले? त्या पांढऱ्या कॅनमधल्या पाण्यानं तू हात धुतले?"

"मग कशानं धुवू? नळ नुसता फुसफुस करू र्‍हायला तुमच्या कॉलेजातला."

"अरे, ते डिस्टिल्ड पाणी आहे! दोन दिवस लागतात मला तो कॅन भरायला. चार वाजता पुण्याहून सर येतायत, आणि तू त्यानं साबण लावून हात..."

"साबण लावून नही तं काय हळद लावून धुवू?"

प्रमिलाबाईंनी हातातला कागदांचा गठ्ठा टेबलावर असा आपटला की बाजूच्या परीक्षानळ्या किणकिणल्या. समोर त्यांचा थोरला भाऊ गिरधर ओले हात झटकत उभा. बाई देवपुरातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. भाऊ जळगावात सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये बॉयलरवर. दोघांचं नाक सारखं, भुवया सारख्या आणि डोकं तापायचा वेगही सारखाच. आईनं पाठवलेला शेवयांचा डबा आणि अर्धा घड केळी घेऊन गिरधर फैजपूरहून पहाटेच्या एस्टीनं निघाला होता. खिडकीला काच नव्हती, त्यामुळे अमळनेरपर्यंतची निम्मी धूळ त्याच्या अंगावर बसलेली. बहिणीच्या घराला कुलूप दिसलं म्हणून सरळ कॉलेजात आला. मे महिना, ब्याण्णव साल, सुट्टीचे दिवस. सगळ्या इमारतीत माणूस म्हणावं असं एवढ्या एका खोलीत.

"तुला नाही कळायचं," बाई म्हणाल्या. "सातवीत दप्तर विहिरीत टाकून पळालास तू. तुझ्या लेखी पाणी म्हणजे पाणी."

हे लागलं. गिरधरचे कान लाल झाले. तो काहीतरी तिखट बोलणारच होता, इतक्यात त्याचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं आणि बोलणं तोंडातच राहिलं. त्यानं हात उजेडात धरले. बोटांच्या बेचक्यांत पांढरं पांढरं काहीतरी चिकटलं होतं, फाटलेल्या दुधासारखं.

"पमे, तू म्हणे हे पाणी एकदम चोख आहे?"

"चोखातलं चोख. दुसरं काही नाहीच त्यात."

"मग ह्याच्यात साबणाला फेस कायले येत नही?"

"येणार नाही कसा? ह्याच पाण्यात तर सगळ्यात जास्त येतो."

"पाह्य ना मग. माझ्या हातावर दही लागलं."

बाईंनी पाहिलं. मग कॅनची तोटी सोडली, स्वतःच्या तळव्यावर पाणी घेतलं आणि साबण घासला. घासला, घासला, आणखी घासला. फेसाचा बुडबुडा म्हणून नाही. पांढऱ्या गुठळ्या मात्र मनगटापर्यंत आल्या. त्यांचा चेहरा गुठळ्यांपेक्षा पांढरा झाला.

आता ह्या पाण्यावर बाईंचं काय अडलं होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर एक बाई साबण बघून का घाबरली ते कळायचं नाही.

खिडकीजवळ स्टँडला एक काचेचं नरसाळं अडकवलं होतं. त्याच्या गळ्यात रुपयाएवढी एक पांढरी चकती. तीही काचेचीच, पण काचेचा बारीक चुरा भाजून केलेली, म्हणजे आतून सगळी भोकंच भोकं, डोळ्यांना न दिसणारी. त्या भोकांच्या भिंतींवर बाईंनी लांबलचक रसायनी साखळ्या लावल्या होत्या. एक टोक काचेत पक्कं रुतलेलं, दुसरं मोकळं. ह्या एका चकतीपायी सहा महिने गेले होते. मुंबईहून मागवलेल्या रसायनाची बाटली संपली होती आणि दुसरी मिळायची तर दिवाळी उजाडली असती.

"अन् ह्या साखळ्या करतात काय?" गिरधरनं विचारलं. आवाज अजून घुश्शातलाच, पण मान पुढे झालेली.

"प्रत्येक साखळीवर ठिकठिकाणी विजेचा भार आहे, सगळ्यांवर सारखाच. सारखे भार एकमेकांना ढकलतात. म्हणून चोख पाण्यात साखळ्या ताठ उभ्या राहतात. ताठ राहिल्या की भोकं बुजतात आणि पाणी थेंब थेंब येतं. मीठ टाकलं की मिठाचे कण मध्ये शिरतात, साखळ्यांना एकमेकींचा भार जाणवेनासा होतो आणि त्या खाली बसतात. भोकं मोकळी झाली की पाणी भरभर येतं. किती मिठाला किती बसतात, हाच माझा सगळा अभ्यास."

गिरधरनं डोकं खाजवलं. "म्हणजे आपला आबा अन् शालिग्रामकाका."

"त्यांचं काय इथे?"

"दोघांचं वाकडं ना? लग्नात दोघं एका ओट्यावर आले की कसे उभे र्‍हातात? काठी गिळल्यावानी. बसत नहीत, वाकत नहीत, बाकीच्याले जायला वाट नही. मग पाहुणे येऊन दोघांच्या मधे बसले, एकमेकांचं तोंड दिसेनासं झालं, की हळूच दोघंही टेकतात. तुझं मीठ म्हणजे ते पाहुणे."

बाईंना हसू आलं. आठ दिवसांतलं पहिलंच. कारण आठ दिवसांपासून चकती बिघडली होती. आधी चोख पाण्यात सहा सेकंदांना एक थेंब पडायचा, एवढा सावकाश की मध्ये जांभई देऊन व्हायची. आता मीठ असो-नसो, सेकंदाला दोन थेंब. बाई धरून चालल्या होत्या की साखळ्या काचेवरून उपटून गेल्या. आणि पुण्याच्या सरांनी तर पत्रातच लिहिलेलं, चकती चालताना स्वतः पाहिल्याशिवाय पीएच.डी.च्या मुदतवाढीच्या अर्जावर सही करणार नाही. मुदत ह्या महिन्याच्या एकतीस तारखेला संपत होती. सही नाही मिळाली तर पाच वर्षांचं काम रद्दीत. नंदुरबारला बँकेत असलेल्या नवऱ्यानं चारदा फोनवर समजावलं होतं, होईल काहीतरी. काहीतरी कसं होणार, ते त्यालाही माहीत नव्हतं.

"पण भाऊ," बाई म्हणाल्या, "ह्या पाण्यात गेलं तरी काय? कुलपात असते खोली. मी आणि शेवंताबाई सोडून इथे कुणी पाऊल टाकत नाही."

दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. शेवंताबाई झाडू बगलेत मारून आत येत होत्या. साठीच्या, ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आल्या तशा सरळ पाण्याच्या रांगेकडे गेल्या. पिण्याचा माठ, हात धुवायचा ड्रम आणि पांढरा कॅन असे तिघं ओळीनं भिंतीशी उभे होते. शेवंताबाईंनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून सुपारीएवढा चमकता खडा काढला, माठाचं झाकण उचललं आणि आत हात घालून खडा गरगर फिरवला. मग ड्रम. मग पांढऱ्या कॅनचं झाकण फिरवायला लागल्या.

"शेवंताबाई!" बाई किंचाळल्या. "काय करताय?"

"तुरटी फिरावस ना ताई." शेवंताबाई दचकल्या. "आठ दिन व्हयनात, रोज फिरावस."

उन्हाळ्यात देवपुरात टँकरचं पाणी यायचं आणि ते चहासारखं दिसायचं. घरोघर तुरटी फिरवल्याशिवाय कुणी घोट घ्यायचं नाही. त्यात काही चूक नव्हतं.

"पण ह्या कॅनमध्ये का?"

"तुम्हीच सांगं व्हतं ना! पुनाना साहेब येवाव शेतस, बठ्ठं पानी चोख ठेवा म्हने. माठमा चार फेरा मारात का माती खाले बठस. ह्या कॅनमा मी फेरावर फेरा मारात, बुडले काहीच बठे ना! मन्हं मन लागे ना. मंग मी आखो फिराई. सकाय-संध्याकाय फिराई."

गिरधर पोट धरून बाकावर बसला. ज्या पाण्यात मातीचा कणच नाही त्यातून खाली बसणार काय? आणि काही बसत नाही म्हणून ही बाई आठ दिवस घोटतेय! खडा आठ दिवसांपूर्वी आवळ्याएवढा मोठा असेल, आता झिजून सुपारीएवढा राहिलेला. निम्मी तुरटी बाईंच्या डिस्टिल्ड पाण्यात.

"हसू नको तू!" बाई ओरडल्या. चिडल्या की त्यांचं कॉलेजातलं मराठी गळून पडायचं आणि फैजपूर बाहेर यायचं. "तुले काय जातं हसायला! मले सही पाहिजे का नही?"

शेवंताबाई रडकुंडीला आल्या. "मन्हं चुकनं का ताई?"

"तुमचं नाही चुकलं," बाई एकदम खाली बसल्या. "मी म्हणाले ना, सगळं पाणी चोख ठेवा. मीच म्हणाले."

मग डोळे मिटून त्या स्वतःशीच बडबडायला लागल्या. मिठाचा कण एकहाती, म्हणजे एकाच भाराचा, एका वेळी एका साखळीशीच बोलणार. तुरटीत अ‍ॅल्युमिनियम. तो तीनहाती. एक हात ह्या साखळीच्या कॉलरला, दुसरा तिच्या, तिसरा पलीकडचीच्या. तिघींना एकत्र ओढून खाली बसवणार आणि सोडणार नाही. मिठाची मूठभर पाहुणेमंडळी जे करतात ते हा चिमटीभर आला तरी करणार.

"म्हणजे साखळ्या उपटल्या नाहीत!" बाईंनी डोळे उघडले. "आहेत. आतच आहेत. नुसत्या दाबून बसवल्यात!"

"मग सोडव ना."

"कशा सोडवू? नुसत्या चोख पाण्यानं हा तीनहाती हलायचा नाही."

"मीठ टाक."

बाईंनी भावाकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू त्यानं आगीवर रॉकेल टाक म्हटलं होतं. "भाऊ, मिठानं साखळ्या बसतात. आत्ताच सांगितलं ना? बसलेल्याला आणखी काय बसवू?"

"पमे, तू मले शिकवू नको." गिरधर उठला. आता त्याची गाडी रुळावर होती. "आमच्या मिलमध्ये बॉयलरच्या आधी एक टाकी आहे. तिच्यात पिवळे मणी, मोहरीएवढे, कोट्यवधी. बोअरचं पाणी जड, तेच्यात चुना. चुना बॉयलरमध्ये गेला की नळ्यांना पापुद्रे धरतात. ते मणी चुना पकडून ठेवतात, अन् पाणी हलकं होऊन खाली येतं. तिसऱ्या दिवशी मणी भरले, आता पकडायला जागा नही. मग मी काय करतो? दोन गोणी मिठाचं पाणी वरून सोडतो. चुना गेला गटारात, मणी पुन्हा कोरे. सात वर्षं झाले हेच करू र्‍हायलो. चुन्याले किती हात असतात?"

"दोन," बाई हळूच म्हणाल्या.

"मग दोन हाताचा सुटतो तं तीन हाताचा कायले नही सुटणार? मीठ जास्त टाक. एकाच्या जागी हजार पाहुणे आले की त्या तीनहात्याले धक्के मारत मारत दाराबाहेर काढतील. मग वरून चोख पाणी ओत. हजारही गेले. आबा अन् काका पुन्हा आखडून उभे!"

गिरधरला वाटलं, बाई आता ओरडतील. पण त्या कपाट उघडत होत्या. ह्या मण्यांचं पुस्तकातलं नाव त्यांना पाठ होतं. वर्गात दरवर्षी फळ्यावर त्यांचं चित्र काढायच्या. चित्र आणि चकती ह्यांची गाठ मात्र डोक्यात कधी पडली नव्हती.

"मी मीठ घेऊन येतो कोपऱ्यावरून," गिरधर दाराकडे निघाला.

"थांब! खडेमीठ नको. त्यातही दोनहाती असतात. माझ्याकडे शुद्ध मिठाची बाटली आहे. मिठाचं नाही अडत. अडतंय पाण्याचं. हा कॅन तर गेला. नवं पाणी गाळायचं यंत्र आहे, पण वाफ थंड करायला त्याला सारखं वाहतं पाणी लागतं, आणि नळ..."

"नळ फुसफुस," गिरधर म्हणाला. "सरक बाजूले."

आता त्याचंच राज्य. वाफ म्हटली की त्याला विचारावं लागत नसे. हात धुवायचा ड्रम त्यानं आणि शेवंताबाईंनी मिळून टेबलावर चढवला. रबरी नळी तोंडानं ओढून पाणी यंत्राकडे सोडलं, खाली बादली लावली. बादली भरली की ती उचलून परत ड्रममध्ये. तेच पाणी फिरून फिरून. तासाभरात ते कोमट झालं आणि वाफ फुकट जायला लागली, तर हा उन्हात बाहेर गेला आणि सरबताच्या गाडीवाल्याकडून अर्धी बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून खांद्यावर घेऊन आला.

"गाडीवाल्यानं दिली?" बाईंनी विचारलं.

"केळी दिली त्याले."

"आईनं माझ्यासाठी पाठवलेली केळी?"

"सही पाहिजे का केळी पाहिजे?"

लादी ड्रममध्ये धपकन पडली. शेवंताबाईंनी पाण्याकडे पाहून विचारलं, "आते तरी फिरावू का तुरटी?" आणि दोघं बहीणभाऊ एकदम "नाही!" म्हणून ओरडले. शेवंताबाईंनी पिशवी कमरेत घट्ट खोचली.

एकच्या सुमाराला अडीच लिटर पाणी जमलं. गिरधरनं त्यातलं चमचाभर तळहातावर घेऊन साबण लावला. पांढराशुभ्र फेस, मनगटावरून ओघळणारा. बाईंनी अर्धी बाटली मीठ विरघळवलं आणि नरसाळ्यात ओतलं. पाणी भरभर उतरलं. तेच पुन्हा ओतलं. पुन्हा. मग नवं मीठपाणी. मग चोख पाणी. आणि तिघं नरसाळ्याच्या टोकाकडे तोंड करून बसले.

टप.

बाईंच्या हातात थांबघड्याळ. टप. गिरधर ओठांत मोजत होता. सेकंदाला दोन नव्हते आता. दोन सेकंदांना एक.

"उभे र्‍हायले!" गिरधरनं मांडीवर थाप मारली.

"निम्मे," बाई म्हणाल्या. "सहा पाहिजे. दोनच झालेत."

"सहा काय अन् दोन काय, फरक तं पडला ना?"

"फरक पडून काय उपयोग? सरांना मी सहाचा आकडा कळवलाय."

इथे पुन्हा पेटलं. गिरधर म्हणे आणखी मीठ टाक. बाई म्हणे बाटली संपली. गिरधर म्हणे मग कोपऱ्यावरचं आण. बाई म्हणे तुला एकदा सांगितलेलं कळत नाही का. गिरधर म्हणे तुले सांगितलं तेव्हा कुठं कळालं. दोघांचे आवाज एवढे चढले की दारात कुणी येऊन उभं राहिलंय, हे फक्त शेवंताबाईंना दिसलं.

"ताई," त्या कुजबुजल्या. "साहेब."

पुण्याचे सर तासभर आधीच आले होते. उंच, वाळके, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी. त्यांनी खोलीवरून एकदा नजर फिरवली. टेबलावर चढवलेला ड्रम, त्यात तरंगणारा बर्फ, जमिनीवर पाण्याचा तलाव, बाकावर उरलेली चार केळी आणि विद्यार्थिनीच्या अंगावर ओरडणारा एक धुळकट माणूस.

"प्रयोग चालू आहे वाटतं," सर म्हणाले.

गिरधर बाईंच्या कानाशी लागला, "सांगू नको काही. दोनचा आकडा दाखव, म्हण उन्हानं असं होतं."

त्यांनी एक क्षण भावाकडे पाहिलं. मग सरांकडे वळून सगळं सांगून टाकलं. हात धुण्यापासून सुरुवात केली आणि तुरटीवर आल्या तेव्हा शेवंताबाई ड्रमच्या मागे दडल्या. सांगताना बाई थांबल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत. गिरधर मनात म्हणाला, झालं, घालवली हिनं सही.

सरांनी झोळी खाली ठेवली, थांबघड्याळ मागून घेतलं आणि स्वतः मोजलं. दोन सेकंद, एक थेंब. पाच वेळा मोजलं.

"हम्म. निम्म्याच परत आल्या. बाकीच्या साखळ्या तुटल्याही असतील, प्रमिला. तसं असेल तर ही चकती संपली."

"तुटल्या नाहीत, सर."

"कशावरून?"

बाईंच्या भुवया जवळ आल्या. हे गिरधर लहानपणापासून ओळखत होता. असं झालं की पमी कुणाच्या बापाचं ऐकत नसे. त्या कपाटाकडे गेल्या, बाटल्या सरकवल्या आणि मागच्या रांगेतून एक लहान बरणी काढली. लिंबाचं सत, आपण सरबतात टाकतो ते.

"मीठ नुसते धक्के मारतं," त्या म्हणाल्या, सरांना की भावाला कुणास ठाऊक. "काही तीनहाती फारच घट्ट धरून बसलेत. त्यांना धक्का देऊन भागायचं नाही, कुणीतरी हात धरून बाहेर न्यायला हवं. लिंबाच्या सताला अ‍ॅल्युमिनियम आवडतं. साखळीपेक्षा जास्त आवडतं."

उरलंसुरलं मीठपाणी, त्यात चमचाभर सत. नरसाळ्यात ओतलं. उतरलं. पुन्हा ओतलं. मग शेवटचं चोख पाणी, दोनदा, तीनदा, यंत्राखालच्या भांड्यात काही उरलं नाही इतकं. शेवटचा घोट चकतीवर थांबला.

सरांनी घड्याळ दाबलं.

टप.

गिरधर मोजायला लागला. एक. दोन. बर्फ ड्रममध्ये कुठंतरी टकरला. तीन. बाईंनी पदराचं टोक दातात धरलेलं. चार. शेवंताबाई ड्रममागून अर्ध्या बाहेर. पाच. थेंब टोकाला लोंबत होता, फुगत होता, पडत नव्हता. गिरधरला वाटलं, पडूच नये ह्यानं, असाच लटकत राहावा.

टप.

"सहाला थोडंसं कमी," सर म्हणाले. "पाच पूर्णांक आठ."

गिरधरनं शिट्टी मारली. अशी शिट्टी कॉलेजात मारतात का, हे त्याला विचारायचं सुचलं नाही. सरांनी वळून पाहिलं, आणि त्यांच्या वाळक्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"आता मीठ," सर म्हणाले. बाटलीच्या तळाला चिकटलेलं खरवडून बाईंनी टाकलं. थेंबांची धार झाली. साखळ्या बसल्या, भोकं उघडली. बाईंनी सरांना कळवलं होतं अगदी तसं.

सरांनी झोळीतून अर्ज काढला, मांडीवर धरून सही केली. एवढ्यानं संपेल असं वाटलं. पण सर पेनचं टोपण लावेनात.

"हे मिठाचं मी परदेशी लेखांमध्ये वाचत असतो, प्रमिला. चांगलं आहे, पण सगळे तेच करतायत. तुरटीनं साखळ्या गच्च बसणं, मिठानं निम्म्या उठणं आणि लिंबाच्या सतानं पूर्ण उठणं, हे मला पुढच्या प्रकरणात हवंय. आकड्यांसकट. किती तुरटी होती कॅनमध्ये?"

सगळ्यांनी शेवंताबाईंकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "आवळाएवढी व्हती, साहेब. मोजी नही."

"मग आज मोजून टाकू. तो खडा आणा. तुरटी टाका चकतीवर."

"सर!" बाईंनी नरसाळ्यावर हात आडवा धरला. "आत्ताच तर सुटलीय!"

"एकदा झालं तो अपघात. तीनदा झालं की निष्कर्ष. बिघडवा. परत सुधारा. परत बिघडवा. मी संध्याकाळपर्यंत आहे."

शेवंताबाईंची पिशवी कमरेतून केव्हाच सुटली होती. आठ दिवसांत पहिल्यांदा कुणी त्यांना तुरटी फिरवा म्हणून सांगत होतं, तेही पुण्याचे साहेब. खडा त्यांनी तराजूवर देवाला ठेवावा तसा ठेवला. बाई वहीचं कोरं पान उघडून तारीख टाकत होत्या. त्या हसत होत्या, हे गिरधरला बाजूनंही दिसलं.

"आणि तुम्ही," सर गिरधरकडे वळले. "तुमच्या मण्यांबद्दल मला सविस्तर हवंय. मीठ किती, किती वेळ सोडता, मणी फुगतात का, आकसतात का?"

"मिठात आकसतात, सर. धुतले की फुगतात. टाकीतली रेघ चार बोटं वर-खाली होते, मी खूण करून ठेवली."

"खूण केलीय? बसा. बसा इथे. आणि प्रमिला, पाणी लागेल ना पुन्हा? किती?"

"तीनदा करायचं तर आठ लिटर, सर."

"म्हणजे ड्रम चार वेळा भरायचा. बर्फही लागेल आणखी. आपले हे आहेतच."

गिरधरनं ड्रमकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, केळीचा घड जिथं होता तिथं उरलेल्या चार केळ्यांकडे पाहिलं. बॉयलरवर रात्री आठ वाजता त्याची पाळी लागत होती, आणि जळगावची गाडी देवपूरच्या थांब्यावर कुणासाठी थांबत नसे.

"सर, मण्यांचं बोलत बसलो तं बॉयलर कोण पाहील?" रिकामी पिशवी झटकून त्यानं खांद्यावर टाकली. "पमे, मीठ कमी नको टाकू. मी निघतो आता."